भावा, गाडी दुरुस्तीची हत्यारं भाड्यानं देतोयस? आधी एवढं बघ

कल्पना झ्याक आहे. बेअरिंग पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) किंवा टायमिंग लॉकिंग किट (टायमिंग बेल्ट बदलताना इंजिन जागेवर धरून ठेवणारा संच) वर्षातनं एखाद्या वेळी लागतं, त्यासाठी कोण पैसे अडकवून ठेवणार? पण लगेच दुकान मांडू नकोस. पुलर, कॉम्प्रेशन गेज (इंजिनच्या सिलिंडरमधला दाब मोजायचा), ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) आणि टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानंच नट आवळायचा पाना), एवढ्यावर सुरुवात कर. साधे पाने-गोट्या (सॉकेट) देऊच नकोस. दहा नंबरची गोटी घराबाहेर पडली की परत येत नाही.

सुरुवातीच्या चुका ठरलेल्या असतात:

- दोस्त म्हणून डिपॉझिट न घेणं. दोस्ताकडनं तर आधी घे.
- देताना-घेताना फोटो न काढणं. पुलरचे जबडे आणि बोल्टचे आटे जवळनं टिप. आटे गेलेच तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर नवा बोल्ट करून मिळतो, पण खर्च कुणाचा हे आधी ठरव.
- टॉर्क रेंच नुसता हातात देणं. माझा पहिला असाच गेला. एकानं त्याच रेंचनं गंजलेला व्हील नट सोडवला, वर १०० न्यूटन-मीटरवर तसाच पेटीत ठेवून दिला. क्लिक रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की 'क्लिक' वाजणारा टॉर्क रेंच, फक्त आवळायला असतो. काम झालं की सेटिंग स्केलवरच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणायचं, त्याच्याही खाली नाही. हे चिठ्ठीवर लिहून पेटीतच चिकटव.

स्प्रिंग कॉम्प्रेसर (सस्पेन्शनची कॉइल स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) सध्या कुणालाच देऊ नकोस. दाबलेली कॉइल निसटली तर थोबाड फोडते.

भाडं दिवसावर लाव. तासावर लावलंस की माणूस घाई करतो आणि हत्यार मोडतो.