नवतप्यात प्रोसेसर किती तापलेला चालतो?

प्रश्न : सुटे भाग आणून घरीच संगणक जोडला. प्रोसेसर इंटेलचा आय५-१२४०० आणि पंखा त्याच्या खोक्यात आलेला. लग्नाचे व्हिडिओ त्यावर तयार करतो. डिसेंबरात काम सुरू असताना ६६ अंश दिसायचे. आता दुपारी आकडा १०० ला जाऊन टेकतो आणि व्हिडिओ निघायला फार वेळ लागतो. खोलीवर टिन आहे. प्रोसेसर जळेल का?
– एक वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : जळणार नाही. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की तो आपला वेग स्वतःच कमी करतो. तुमचा व्हिडिओ रखडतो तो त्यामुळेच. त्याहून वर गेलाच तर संगणक बंद होतो. मात्र रोज दुपारी मर्यादेला टेकणं बरं नाही, आणि तुमच्या बाबतीत दोष फक्त उन्हाचा नाही.

हिशोब सोपा आहे. नुसता प्रोसेसरचा आकडा पाहू नका, त्यातून खोलीचं तापमान वजा करा. भिंतीवरचा साधा तापमापक संगणकाच्या पुढच्या जाळीजवळ टांगा. डिसेंबरात खोली २२ अंश धरली, तर फरक ४४ चा होता. आता टिनाखाली ४२ असेल, तर निव्वळ हवामानामुळे ८६ च्या आसपास दिसायला हवं. पंख्याचा वेग बदलतो म्हणून दोन-चार अंश इकडेतिकडे होतील. तुमच्याकडे १०० दिसतात, म्हणजे फरक ५८ चा. तोही प्रोसेसरने स्वतःला आवरल्यावरचा. हे जादा १४ अंश उन्हाचे नाहीत, ते पेटीतले आहेत. पुण्या-मुंबईचे लोक ‘८० च्या वर गेलं की धोका’ सांगतात, ते २५ अंशांच्या खोलीत बसून. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, आपल्याकडे ८५ म्हणजे तब्येत ठीक.

मोजणी दर वेळी सारखीच हवी. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसत नाही. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यातली ‘सीपीयू पॅकेज’ ही ओळ आणि तिचा कमाल रकाना पाहा. सिनेबेंच हे प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं चाचणीचं सॉफ्टवेअर १० मिनिटं चालवा, आकडा आणि खोलीचं तापमान दोन्ही वहीत लिहा. त्याच यादीत ‘थर्मल थ्रॉटलिंग’पुढे ‘येस’ आलं, तर वेग कापला जातोय हे पक्कं.

आता दोष शोधू. आधी धूळ. पंखा वरून स्वच्छ दिसतो, पण थर बसतो तो पंखा आणि खालच्या धातूच्या पात्यांच्या मध्ये. जिनिंग जवळ असेल किंवा घरात कापूस भरलेला असेल, तर तिथे तंतूंचा चक्क नमदा तयार होतो. वीज काढून ब्रश आणि हातातल्या ब्लोअरने साफ करा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरमसाट फिरून बेअरिंग खराब होते. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल असतं.

धूळ निघूनही फरक तसाच राहिला, तर पंख्याच्या चार खुंट्या बघा. या पंख्याचा हा जुनाच रोग : एक खुंटी अर्धवट बसते, पंखा एका कोपऱ्याने उचललेला राहतो. मदरबोर्ड बाहेर काढून पाठीमागून पाहा, चारही पाय आरपार आलेले हवेत. खुंट्यांची टोकं बाणाच्या उलट दिशेला फिरवून घ्या आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांची जोडी धरून ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. पंखा एकदा उचलला की प्रोसेसर आणि त्याच्या मधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुन्हा चालत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध हरभऱ्याच्या दाण्याएवढी नवी लावा. कापसाच्या मुलखात सांगायला विचित्र वाटतं, पण पुसायला कापसाचा बोळा नको, धागे मागे राहतात. धुतलेलं मऊ सुती फडकं घ्या. पेस्टऐवजी टूथपेस्ट लावणारे महाभाग आहेत. ती वाळून भेगा पडतात.

हे सगळं करूनही दुपारी अडचण येत असेल, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, दीर्घकाळाची वीजमर्यादा, म्हणजे पीएल-१, ६५ वॅटवर आणा. बरेच बोर्ड ती ११७ वॅट किंवा त्याहून वर मोकळी सोडतात. व्हिडिओ थोडा उशिरा निघेल, पण वेग एकसारखा राहील. ऑक्टोबरात पुन्हा वाढवा.

प्रश्न : कूलरच्या हवेने संगणक खराब होतो, असं ऐकतो. कूलर लावावा की नाही?
– एक वाचक, वरोरा तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : लावा. कोरड्या उन्हाळ्यात खोली १० अंशांनी उतरली, तर प्रोसेसरही जवळपास तितकाच उतरतो. चालू संगणक खोलीतल्या हवेपेक्षा गरमच असतो, त्यामुळे त्याच्यावर दव धरत नाही. भीती आहे ती उडणाऱ्या थेंबांची. बोअरचं पाणी क्षारयुक्त. थेंब वाळला की पांढरी पूड बोर्डवर बसते. म्हणून संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, बाजूला ठेवा, आणि समोरची खिडकी उघडी राहू द्या. पावसाळी दमट हवेत कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा.

प्रश्न : बायोसमध्ये ५४ अंश दिसतात, विंडोजमध्ये काही न करता ४३. खरं कोणतं?
– एक वाचक, पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : दोन्ही. बायोसमध्ये प्रोसेसर वीज वाचवण्याच्या अवस्थेत जात नाही, विंडोजमध्ये रिकामा असताना जातो. तुलना विंडोजमधल्या आकड्यांचीच करा. आणि संगणक ६०-७० अंशांवर असतानाच अचानक बंद पडत असेल, तर प्रोसेसरला दोष देऊ नका. आधी पॉवर सप्लाय आणि घरातला व्होल्टेज तपासा.