‘आमच्या घरातही असाच एक माणूस आहे’

हे वाक्य मी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या वेळा ऐकलंय, की कुणी भयकादंबरीचा विषय काढला की ते येणार हे मी धरूनच चालते. जुनं, अर्धं बंद घर. कुलूप घातलेली एक खोली. आणि गेलेल्या माणसाच्या ध्यासाने झपाटलेलं घरातलंच कुणी वडीलधारं. अशी गोष्ट वाचून बहुतेक लोक दिवा मालवून झोपतात. काही जणांना झोप लागत नाही, कारण ती खोली त्यांच्या ओळखीची असते. मग माझ्याकडे दोन प्रश्न येतात. पहिला मोठ्याने, ‘त्यांना वेड लागलंय का?’ दुसरा बऱ्याच वेळाने, पुष्कळदा निघता निघता, ‘हे आमच्या रक्तातच असेल का हो?’

दोन्हींची उत्तरं आहेत. पण ती एका मुलीला कशी सापडली ते आधी सांगते. तिच्या परवानगीने लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती 25 वर्षांची, साहित्याची अभ्यासक. तिच्या प्रबंधात होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ ही 1764 सालची कादंबरी होती. या प्रकारच्या कादंबऱ्यांची सुरुवात तिथून झाली असं मानतात. मॅनफ्रेड नावाच्या सरदाराचा एकुलता एक मुलगा लग्नाच्याच दिवशी एका अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो. बाप शोक करत बसत नाही. वंश बुडेल या धास्तीने त्याच्या डोक्यात एकच गोष्ट शिरते, की मुलासाठी ठरवलेल्या इझाबेलाशी आता आपणच लग्न करायचं. बायको जिवंत असताना! आणि तो त्या मुलीच्या मागे लागतो.

‘मला पुढे वाचवत नाही मॅडम,’ ती म्हणाली. ‘मॅनफ्रेड आला की काका दिसतात.’

तिच्या काकांचा मुलगा अकरा वर्षांपूर्वी अपघातात गेला, तेव्हा तो 18 वर्षांचा होता. घर एकत्र. काका नोकरी करत होते, बिलं भरत होते, चारचौघांत नीट वागत होते. पण मुलाची खोली जशीच्या तशी होती आणि गेल्या वर्षभरापासून त्यांनी तिच्या धाकट्या भावाला धरलं होतं. त्याच विषयाला प्रवेश घे. तसाच भांग पाड. कधी कधी हाकही गेलेल्या मुलाच्या नावाने. आणि घड्याळ.

त्या घड्याळाबद्दल ती बोलली तेव्हा मी लिहायचं थांबवलं होतं. चुलतभाऊ अगदी हडकुळा, म्हणून काकांनी पट्ट्याला दाभणाने एक जादा भोक पाडून दिलं होतं. तेच घड्याळ आता ते रोज सकाळी पुतण्याच्या हाताला बांधायचे, आणि त्याच भोकात. याचं मनगट चांगलं जाड. संध्याकाळी काढलं की लाल वळ. ‘तो काही बोलत नाही. आईबाबा बघतात आणि मान वळवतात. सांगा ना, हे वेड नाही तर काय आहे?’

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. घरातल्या एकाच माणसाचं वागणं बाकीच्यांपासून तोडून बघायचं नाही, ही माझी पहिल्यापासूनची शिस्त आहे. माणूस झपाटलेला दिसतो तेव्हा त्याच्याभोवतीचे सगळे काय करत नाहीयेत, ते मी आधी विचारते.

‘तो गेला तेव्हा घरात कोण कोण रडलं?’

ती बोलायला गेली आणि अडली. ‘काकूंनी सांगितलं होतं, काकांसमोर त्याचं नाव काढायचं नाही. त्यांना सहन होणार नाही म्हणून. मग... कुणीच नाही काढलं.’

‘अकरा वर्षं?’

‘अकरा वर्षं.’

अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. सगळ्यांचं दुःख मिळून एक असतं आणि ते सांभाळायचं काम न बोलता एकाच्या गळ्यात पडतं. बाकीचे त्या माणसाला घाबरतात, सांभाळून घेतात, त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलतात; पण काम कुणी वाटून घेत नाही. त्याने ते सोडलं तर गेलेला माणूस घरातून पुसलाच जाईल, हे त्याला आतून ठाऊक असतं. म्हणून तो सोडत नाही.

वर्षभरापूर्वीच हे का वाढलं, तेही मग उलगडलं. भाऊ तेव्हा सतरा पुरा करून अठराव्यात आला होता. गेलेलं मूल ज्या वयाला थांबलं, त्या वयाला घरातलं दुसरं मूल पोचू लागलं की जुनी जखम परत वाहायला लागते. अशा वेळी सावध राहा, असं मी आईवडिलांना आवर्जून सांगते.

तरी माझं समाधान होत नव्हतं. तिची भीती खरी होती, पण ती भावाबद्दल बोलताना जितकी हलायची त्याहून जास्त त्या पुस्तकाबद्दल बोलताना हलायची. पुढच्या भेटीत मी तिला पुस्तक घेऊन यायला सांगितलं.

‘नेमकं कुठल्या पानावर मिटतेस?’

खुणेची चिठ्ठी होती तिथे तिने उघडलं. मी वाचलं. मॅनफ्रेड इझाबेलाच्या मागे लागतो, त्या प्रसंगाला अजून अवकाश होता. म्हणजे काकांसारखा मॅनफ्रेड अजून आलाच नव्हता, आणि ही त्याच्या आधीच थांबत होती.

‘या पानावर काय आहे?’

‘काही नाही विशेष. मुलगी बापाचं सांत्वन करायला जाते.’

मॅनफ्रेडला एक मुलगीही आहे, माटिल्डा. मुलगा बापाचा जीव की प्राण आणि मुलीवर त्याने कधी माया दाखवलेली नाही, हे लेखक सुरुवातीलाच सांगून टाकतो. भाऊ गेल्यावर ती बापाच्या दाराशी जाते. मी आहे, तुमची मुलगी, म्हणते. चालती हो, मला मुलगी नको आहे, असं म्हणून तो दार आपटतो.

मी ते तिला मोठ्याने वाचायला लावलं. ‘मुलगी’ या शब्दापाशी तिचा आवाज गेला. मी पाणी पुढे केलं नाही, काही विचारलं नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायचं असतं आणि ते मला आता जमतं. पाच-सात मिनिटं गेली असतील.

‘मी पण गेले होते,’ ती म्हणाली. ‘त्याच रात्री. मी चौदाची होते. तो माझा भाऊच होता हो, सख्ख्याहून जवळचा. काकांच्या दाराशी गेले. ते म्हणाले, तू जा. एवढंच. रागाने पण नाही.’ मग बऱ्याच वेळाने, ‘मला कुणी विचारलंच नाही मॅडम. अजूनपर्यंत.’

वर्षभर तिला वाटत होतं की काकांच्या ध्यासाची भीती वाटते. ती होतीच. पण तिच्या खाली एक चौदा वर्षांची मुलगी अजून दाराबाहेर उभी होती. काकांनी भावाला पकडलं याचा संताप होता, आणि आपल्याला कुणी पकडलंही नाही याचं दुःख होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मान्य करायला माणसाला फार वेळ लागतो. तिला तीन भेटी लागल्या.

आता त्या दोन प्रश्नांकडे येते.

वेड का? गेलेल्या माणसाचा ध्यास म्हणजे मंत्रचळ नव्हे. मंत्रचळात नको असलेले विचार माणसाला छळतात आणि तो ते घालवायला धडपडतो. शोकातला माणूस आठवण घट्ट धरून ठेवतो. खोली जपणं, फोटोशी बोलणं, यात मला आजार दिसत नाही. दिवस कसा जातोय ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे. त्यात किमान सहा महिने तीव्र ओढ किंवा सतत तोच विचार, आणि त्यामुळे रोजचं जगणं विस्कटणं, हे दोन्ही लागतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांची त्याच वर्षीची सुधारित पुस्तिका मोठ्या माणसांसाठी एक वर्ष धरते. तुमच्या घरात असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, यावर उपचार आहेत. मरणाची भाषा, खाणंपिणं सुटणं, कुणावर जबरदस्ती, मुलाच्या अंगाशी किंवा मनाशी खेळ, यातलं काही दिसलं तर मात्र वाट बघू नका. पोराच्या हातावरचे वळ ही थांबवायचीच गोष्ट होती. ते काम मी तिच्यावर सोडलं नाही, तिच्या आईवडिलांना बोलावून त्यांच्यावर सोपवलं.

रक्तातून येतं का? काही मानसिक आजारांचा कल घराण्यात असतो, ते मी नाकारत नाही. पण ध्यास असा रक्तातून उतरत नाही. उतरते ती गप्प बसायची रीत, आणि ती कुणीही एक जण मोडू शकतो.

गेलेल्या मुलाच्या जागी दुसरं मूल उभं करण्याच्या धडपडीवर कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्यांनी 1964 पासून लिहिलंय. त्यात मुलाला स्वतःचं असणंच उरत नाही. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1917 मध्ये शोकाबद्दल लिहिलं, त्याचा अर्थ पुष्कळांनी असा घेतला की नातं सोडवून घ्यावं आणि पुढे जावं. त्याची मुलगी सोफी 1920 मध्ये गेली. 1929 मध्ये, तिच्या वाढदिवसाच्या सुमारास, त्याने एका मित्राला कळवलं की अशा माणसाची जागा कुणी घेऊ शकत नाही, आणि ते तसंच असायला हवं. माझा कल या दुसऱ्या फ्रॉइडकडे आहे. नातं तोडायला मी कुणाला सांगत नाही. ते जिवंत माणसाच्या अंगावर चढवू नका, एवढंच सांगते.

म्हणून मी तिला ‘काकांना समजवा’ म्हटलं नाही. ‘त्याच्याबद्दल तुला काय आठवतं ते त्यांना सांग,’ म्हटलं. ‘चांगलं नको. खरं सांग.’

ती गेली. काका त्या खोलीत बसले होते. तिने उंबऱ्यावरूनच सांगितलं, ‘काका, तो बुद्धिबळात चोरी करायचा. मी खिडकीकडे बघितलं की घोडा सरकवायचा.’

काका कितीतरी वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘माझ्याशी पण करायचा.’ आणि हसले, आणि मग रडले, तोंडावर हात न धरता. काकू दारात आल्या. त्या रात्री जेवणं उशिरा झाली, कारण प्रत्येकाकडे त्याच्या चोरीची एकेक गोष्ट निघाली.

एवढ्याने सगळं मिटलं नाही. काका पुढे माझ्याच ओळखीच्या एका सहकाऱ्याकडे आठ महिने जात होते. नाव अजून कधी चुकतं. भावाने त्याला हवा तो विषय घेतला. तिने पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. शेवटी मॅनफ्रेड अंधारात इझाबेला समजून माटिल्डालाच खंजीर मारतो. तिच्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण आता त्या मुलीवर आहे.

शेवटच्या भेटीत तिने घड्याळाचं सांगितलं. काकांनी ते स्वतः भावाच्या हातातून सोडवलं आणि तिच्यापुढे धरलं.

‘तू ठेव.’

तिचं मनगट बारीक आहे, त्या भोकात ते बरोबर बसलं असतं.

‘ठेवते,’ ती म्हणाली. ‘पण घालणार नाही हं, काका.’

‘नकोच घालू,’ काका म्हणाले.