मासे न खाणाऱ्या मुलीला सगळी पोषकद्रव्यं कशी मिळतील?

तुमची मुलगी पाच वर्षांची, घर शाकाहारी, आणि म्हापशातले शेजारी म्हणतात नुस्त्याशिवाय (माशांशिवाय) अंगात ताकद येणार नाही. येते, अगदी नक्की येते. प्रथिनांची काळजी नको: या वयाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम लागतात, ते डाळ-भात, मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची आमटी), अळसांदे (चवळीचा प्रकार) आणि दूध-दह्यातून सहज भागतात. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून सकाळी नाचणीचं सत्त्व किंवा भाकरी द्या.

खरं लक्ष लोहाकडे द्या. तांबडी भाजी (लाल माठ), कडधान्यं द्याच, पण वनस्पतींमधलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. त्याच जेवणात लिंबू पिळा किंवा पेरू द्या, शोषण वाढतं. जेवणासोबत चहा मात्र अजिबात नको, तो लोह अडवतो. कडधान्यं मोड आणूनच शिजवा, त्यानेही फरक पडतो.

बी-१२ जीवनसत्त्व भाजीपाल्यात मिळत नाही. दूध, दही, पनीर रोज पोटात जात असेल तर ठीक. मूल दूध टाळत असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून पूरक औषध सुरू करा. हे पुढे ढकलू नका.