सर म्हणतात, याला स्पेशल शाळेत घाला

"मावशी, माझा मुलगा गावातल्या झेडपीच्या शाळेत तिसरीत आहे. दोन मिनिटं एका जागी बसत नाही, पेन्सिली हरवतो, दुसऱ्याच्या वह्या ओढतो. नागपूरच्या डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं, म्हणजे लक्ष टिकत नाही नि अतिचंचलपणा, गोळ्या लिहून दिल्या, पण सवय लागेल म्हणून मी चालू केल्या नाहीत. वाचनातही मागे आहे. सर त्याला वर्गाबाहेर उभं करतात, कधी छडी पण बसते, आणि आता म्हणतात आम्ही दोघंच मास्तर नि वर्ग चार, याला स्पेशल शाळेत घाला. सासूबाई म्हणतात बाहेरचं बघू. नवरा म्हणतो मी पण असाच होतो. काय करू?
– एक आई, यवतमाळ जिल्हा"

अगं, नाही घालायचं स्पेशल शाळेत. एडीएचडी म्हणजे मतिमंद नाही. आणि शाळेला आठवीपर्यंत त्याला काढता येतच नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ आहे, आणि त्याच कायद्याचं कलम १७ मार आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी घालतं, त्यामुळे छडी तर बंदच आणि रोज बाहेर उभं करणं पण चालणार नाही. पण हे सगळं पहिल्याच दिवशी सरांच्या तोंडावर फेकू नकोस. दोन मास्तर, चार वर्ग, त्यात एकजण ट्रेनिंगला नाहीतर ऑनलाइन माहिती भरत बसलेला, त्यांची अडचण खोटी नाहीये. मारण्याचं मी अजिबात समर्थन करत नाही, फक्त हेच सर अजून दीड-दोन वर्षं त्याच्यासोबत असणारेत, ते आपल्या बाजूला आले तर अर्धं काम झालं.

आता एक गोष्ट नीट ऐक, बरेच पालक इथेच चकरा मारून थकतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात एडीएचडीचं वेगळं नाव नाही. म्हणजे नुसती नागपूरची चिठ्ठी घेऊन दिव्यांग सर्टिफिकेट मागायला गेलीस तर परत पाठवतील. पण अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकायलाच अडचण येणं, त्या यादीत आहे, आणि अशा बऱ्याच मुलांना दोन्ही एकत्र असतं. तुझा मुलगा वाचनात मागे आहे म्हणतेस ना, मग ती तपासणी मागून घे. तिसरीत किंवा ८ वर्षांचा झाला की शाळेनेच प्राथमिक चाचणी करायची असते, केंद्राच्या सूचना आहेत तशा. पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती मिळतात त्या याच सर्टिफिकेटवर.

तपासणीसाठी प्रत्येक वेळी नागपूर कशाला? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची टीम वर्षातून एकदा शाळेत येते, त्यांच्या तपासणीत एडीएचडी आणि शिकण्याच्या अडचणी दोन्ही आहेत. कधी येणार ते हेडमास्तरांना विचारून ठेव, त्या दिवशी स्वतः शाळेत जा आणि जिल्हा रुग्णालयात पुढे पाठवा म्हण, तिथे फुकट होतं. कान आणि डोळे पण तपासून घे, कधी कधी पोराला ऐकूच कमी येत असतं आणि सगळे त्याला हट्टी म्हणत बसतात.

दुसरं म्हणजे अर्ज. हेडमास्तरांच्या नावाने साधा मराठीत लिही, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोड, एक प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि दोन्हीकडे शिक्का मारून पोच घे. पोच नसेल तर तू अर्ज दिलाच नव्हतास असं सांगायला कोणी मागेपुढे बघत नाही. गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे, म्हणजे अशा मुलांना साध्याच शाळेत शिकवायला मदत करणारे, विशेष शिक्षक असतात, त्यांनी शाळेत येऊन मुलाला बघावं हे अर्जात स्पष्ट माग. सरांकडे मागायचं ते अगदी छोटं, पुढे बसवा, दार-खिडकीपासून लांब, एका वेळी एकच सूचना द्या, दहा गणितं असतील तर पाच द्या. आणि उठायला हक्काचं निमित्त द्या, फळा पुसायचा, वह्या गोळा करायच्या, खिचडीच्या वेळी ताटं वाटायची. नाहीतरी तो उठणारच आहे गं, कामाला उठला तर वर्गाला त्रास कमी. यातलं काहीच झालं नाही आणि मार चालूच राहिला, तर मग शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढ, तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, आणि तेव्हा मात्र कलम १७ चं नाव घ्यायला लाजू नकोस.

गोळ्यांचं, डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसात घेतल्या तर व्यसन लागत नाही. भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून सकाळी पोटभर खाऊ घालून मग गोळी, आणि वजन-उंची दर भेटीत बघायला सांग. मनाने चालू-बंद मात्र करू नकोस. शंका आली तर १४४१६ ला फोन लाव, टेली मानसची सरकारी लाइन आहे, फुकट आणि मराठीत बोलतात.

सासूबाईंशी भांडू नकोस, त्यांना अंगारा लावायचा तर लावू दे, पण उपाशी ठेवणं, धूर देणं, मारणं असलं काही असेल तर पोराला अजिबात पाठवायचं नाही.

आणि नवरा बरोबर बोलतोय, एडीएचडी बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. मग त्यालाच विचार, तुला शाळेत किती मार बसला आणि त्याने तू किती सुधारलास? आणि सरांना भेटायला जाशील तेव्हा त्याला सोबत ने. बाई एकटी गेली की लाडावून ठेवलंय ऐकावं लागतं, बाप शेजारी बसला की तेच सर चहा मागवतात, चीड येते पण असंच आहे. अर्जावर सही मात्र तुझी कर.