वाचकांचे प्रश्न : बातमीत आधी कोण बोलतो?

प्रश्न : गेल्या महिन्यात पारंपरिक मच्छीमारांनी एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध (प्रखर प्रकाशाने मासे ओढून घेऊन पकडण्याविरुद्ध) काढलेल्या मोर्चात माझे यजमान आणि दोन्ही दीर होते. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणाऱ्या एका वृत्तपत्रात ‘आमदारांच्या मध्यस्थीने तोडगा’ असा मथळा होता, तर दुसऱ्यात ‘सरकारविरोधात मच्छीमारांचा उद्रेक’. खरे पाहता तोडगाही निघाला नाही आणि उद्रेकही झाला नाही. निवेदन देऊन मंडळी घरी परतली. आम्ही विश्वास कोणावर ठेवायचा?
— एक वाचक भगिनी, मालवण तालुका

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेली दोन्ही कात्रणे समोर ठेवून मी शांतपणे वाचली. पहिल्या बातमीत पहिल्याच वाक्यात आमदार आहेत, छायाचित्रही त्यांचेच आहे आणि मच्छीमारांचे म्हणणे शेवटच्या परिच्छेदात दीड ओळीत उरकले आहे. दुसऱ्या बातमीत आमदारांच्या जागी विरोधी पक्षाचे जिल्हाध्यक्ष आले आहेत, एवढाच फरक. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे पारंपरिक जाळे, ओढणारा एकही माणूस तिच्यात बोलत नाही. एक बातमी सत्ताधाऱ्यांकडे झुकलेली आणि दुसरी विरोधकांकडे, हे तुम्ही बरोबर ओळखले आहे. परंतु मला अधिक खटकते ते दोन्हींत मिळून जे आलेच नाही ते. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातली आणि महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंडही वाढवण्यात आले. म्हणजे मोर्चाची मागणी नवा कायदा करण्याची नसून असलेला कायदा पाळला जावा एवढीच होती. २०१७ पासून आजवर राज्यात निरनिराळ्या पक्षांची सरकारे येऊन गेल्यामुळे ‘मग अंमलबजावणी का झाली नाही’ हा प्रश्न सर्वांनाच अडचणीचा ठरतो, आणि नेमका तोच दोन्ही बातम्यांतून गळाला आहे.

असे का होते, हे मी जवळून पाहिले आहे. उमेदीच्या काळात मी काही वर्षे तालुका वार्ताहर होतो. मानधन नाममात्र असे आणि खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर अवलंबून असे. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी शुभेच्छांच्या जाहिराती गोळा करायच्या आणि पुढच्याच आठवड्यात त्याच पुढाऱ्याविरुद्ध बातमी द्यायची, हे ज्याला करावे लागते त्याच्यावर वरून कोणी हुकूम सोडण्याची गरज पडत नाही. रस्त्याच्या निकृष्ट कामाची माझी एक बातमी, ठेकेदाराचे नाव गाळून, आतल्या पानावर चार ओळींत आली होती. तिचे दुःख अजून गेलेले नाही. म्हणून गावच्या वार्ताहराला दोष देताना त्याला कोणत्या अवस्थेत काम करावे लागते, याचाही विचार व्हावा असे मला मनापासून वाटते.

वृत्तपत्र मात्र बंद करू नका. दोन्ही येत आहेत हे चांगलेच आहे. बातमी वाचताना पेन्सिल घ्या आणि पहिले वाक्य कोणाचे आहे, ज्यांचा प्रश्न आहे ती माणसे कितव्या परिच्छेदात येतात, यावर खूण करा. क्रियापदेही तपासा : एकाच माणसाने ‘सांगितले’, ‘दावा केला’ किंवा ‘कबूल केले’ असे लिहिले की अर्थ तीन वेगळ्या दिशांना जातो. वृत्तपत्राची मालकी कोणाकडे आहे, हेही पाहता येते. दरवर्षी मार्चच्या सुरुवातीच्या अंकात वृत्तपत्रे ‘फॉर्म ४, नियम ८’ या नावाची एक बारीक चौकट छापत आली आहेत. तिच्यात मुद्रक, प्रकाशक व संपादकांबरोबर एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेल्या भागीदारांची नावे दिलेली असतात. ती कात्रण करून ठेवण्यासारखी असते.

तोडगा निघाल्याची बातमी तर वस्तुस्थितीलाच धरून नाही, तेव्हा प्रथम संपादकांना लेखी कळवून दुरुस्ती मागा. दाद लागली नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिकाच्या बाबतीत ती प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते. परिषद ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. तरीही तक्रार करा, कारण तुमच्या माणसांचे म्हणणे त्या निमित्ताने कागदावर येईल.

प्रश्न : पूर्वीची वृत्तपत्रे निःपक्ष होती, असे माझे वडील म्हणतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : वडिलांचा आदर राखून सांगतो, तसे म्हणता येणार नाही. तुमच्याच तालुक्यातील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढले, तेव्हापासून मराठी वृत्तपत्रे मत घेऊनच उभी राहिली. १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर सामाजिक सुधारणेवरून टिळकांशी मतभेद झाल्यामुळे बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केले. वाचकाला दोघांचीही बाजू ठाऊक होती, कारण ती अग्रलेखातून उघडपणे मांडली जात असे. आज ती बातमीच्या आत, मथळ्यात आणि छायाचित्राच्या निवडीत दडलेली असते, हा मला मोठा फरक वाटतो. मात्र वगळण्याचा अन्याय तेव्हाही होता. १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा पैसे देऊ करूनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता.