याकोबाच्या उशाचा दगड

प्रश्न : बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या 28व्या अध्यायात याकोब दगडाची उशी करून झोपतो, असे लहानपणापासून ऐकत आलो. इंग्रजीतही ‘पिलो’च आहे. मूळ हिब्रूत खरेच उशी आहे का?
– एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : नाही. तिथला शब्द ‘मेराशोत’. ‘रोश’ म्हणजे डोके. त्यावरून डोक्याकडची जागा, म्हणजे आपले उसे. याकोबाने दगड उशाशी ठेवला, एवढेच हिब्रू सांगते. त्यावर डोके टेकले की नाही, ते सांगत नाही. सकाळी तोच दगड त्याने स्तंभ म्हणून उभा केला आणि वर तेल ओतले, हेही लक्षात घ्या.

हाच शब्द बायबलमध्ये आणखीही येतो. 1 शमुवेल 26 मध्ये शौल राजा छावणीत झोपलाय, उशाशी भाला जमिनीत रोवलेला. 1611च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात याकोबाला ‘पिलो’ मिळाली, शौलाला ‘बोल्स्टर’ म्हणजे लोड, आणि 1 राजे 19 मधल्या एलीया संदेष्ट्याला नुसते ‘डोक्यापाशी’. मूळ शब्द तिन्हीकडे एकच! एलीयाच्या उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. माझी आजी तांब्या-भांडे उशाशी घेऊन निजायची. खोकल्याची उबळ आली की अंधारातही हात नेमका तांब्यावर जायचा. तांब्या उशीखाली आहे, असे आमच्या घरात कधी कुणाला वाटले नाही. म्हणून अशा जागी मराठी भाषांतरकाराने इंग्रजीकडे पाहूच नये, असे मला कळकळीने वाटते. आपल्याकडे उसे-पायथा ही जोडीसुद्धा तयार आहे. बायबलमधली रूथ खळ्यावर बवाजाच्या ‘मार्गेलोत’शी निजते; ‘रेगेल’ म्हणजे पाय, म्हणून हा पायथा. आणि आपली उशी तरी कुठून आली? तिच्यातही ‘शीर्ष’ आहेच.

यहेज्केल 13:18 मध्ये मात्र भलताच घोटाळा झाला. किंग जेम्समधल्या बायका काखांशी उशा शिवतात! शब्द आहे ‘केसातोत’. नंतरच्या हिब्रूत ‘केसेत’ म्हणजे गादी-उशी, त्यावरून तो अर्थ मागे लावला गेला. पण हिब्रूच्या नात्यातल्या प्राचीन अक्कदी भाषेत ‘कासू’ म्हणजे बांधणे, आणि त्या ओवींत या बायका माणसांचे जीव पकडायला निघाल्या आहेत. हाताला बांधायचे, मंतरलेले असे काही. मी तिथे बेलाशक ‘गंडे’ लिहीन.