शब्द बदलण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या इंग्रजी प्रबंधाचं दुसरं प्रकरण वाचून झालं. मराठवाड्यात पाऊस दगा देतो त्या वर्षी घरच्या पाण्याची जबाबदारी बायकांवर कशी आणि किती वाढते, हे गावोगाव जाऊन इतक्या बारकाईने कुणी विचारतं आहे याचा मला मनापासून आनंद आहे. मजकुराबद्दल भेटल्यावर बोलूच. आज फक्त शब्दांबद्दल लिहिते, कारण या प्रकरणात तुझं चांगलं काम शब्दांमुळे झाकलं गेलं आहे.

गाईडनी ‘भाषा अकॅडमिक करा’ असा शेरा दिला, त्यात इतरांच्या लेखनाशी साम्य मोजणाऱ्या सिमिलॅरिटी रिपोर्टची टक्केवारी जास्त आली, आणि दोन्हींवर उपाय म्हणून तू शब्द बदलत गेलीस. पानापानावर ते दिसतं. सुरुवातीला ‘ड्राउट’ म्हणजे दुष्काळ आहे, पुढे त्याचं ‘ड्रायनेस’ झालं, मग ‘ॲरिडिटी’, मग ‘वॉटर स्कॅर्सिटी’. शाळेतल्या निबंधात तोच शब्द पुन्हा आला की गुण कापले जायचे, ती भीती अजून हातात बसलेली असते. पण प्रबंध वाचणारा माणूस शब्द बदलला की विषय बदलला असं समजतो. आणि तुझ्या बाबतीत तो खरोखर बदलला आहे.

जैसलमेरला पाऊस नेहमीच कमी. ते तिथलं हवामान आहे, त्याला ‘ॲरिडिटी’ म्हणतात. ती एखाद्या वर्षी येत नाही आणि जातही नाही. ‘ड्राउट’ येतो आणि जातो; त्या जागेच्या नेहमीच्या पावसाच्या तुलनेतच तो ठरतो, त्यामुळे भरपूर पावसाच्या प्रदेशातही तो पडू शकतो. ‘वॉटर स्कॅर्सिटी’ म्हणजे गरजेपुरतं पाणी हाताशी नसणं. कोकणात धो धो पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांना टँकर लागतो, तिथे टंचाई आहे पण अवर्षण नाही. तू या तिन्ही शब्दांची अदलाबदल केलीस तेव्हा तुझ्याही नकळत एकाच परिच्छेदात तीन वेगळे अभ्यास सुरू झाले.

एकट्या ‘ड्राउट’कडेच बघ. विल्हाइट आणि ग्लांट्झ या दोन अभ्यासकांनी १९८५मध्ये वेगवेगळ्या शाखांतल्या व्याख्या एकत्र करून त्यांचे चार गट पाडले: हवामानशास्त्रीय, कृषी, जलशास्त्रीय आणि सामाजिक-आर्थिक. हवामानवाला सरासरीच्या तुलनेत पाऊस किती कमी पडला ते मोजतो. आपल्या हवामान खात्याच्या मोजमापात एखाद्या भागात तूट २६ ते ५० टक्के असेल तर मध्यम आणि ५० टक्क्यांच्या वर गेली तर तीव्र. कृषिशास्त्रज्ञ पिकाच्या मुळांशी ओल किती राहिली ते बघतो. जलशास्त्रज्ञाचं लक्ष विहिरी, धरणं आणि नदीच्या प्रवाहावर असतं, म्हणून त्याचा दुष्काळ बहुतेक वेळा उशिरा सुरू होतो आणि पाऊस आल्यावरही काही काळ टिकतो. समाजशास्त्रज्ञ विचारतो की पाणी कुणाला मिळालं आणि कुणाला नाही.

सरकारी कागदांत याच्याही पुढची गुंतागुंत आहे. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या तुलनेत आलेल्या पिकाचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या खाली गेली की दुष्काळ मानला जात आला. हवामान खात्याने २०१६पासून देशपातळीवरच्या वर्णनात ‘ड्राउट’ हा शब्दच थांबवला. आता ‘डेफिशियंट इयर’ आणि ‘लार्ज डेफिशियंट इयर’ असं म्हणतात. २०२३मध्ये राज्य सरकारने आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि पुढच्या महिन्यात १,०२१ महसुली मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’. त्या ‘सदृश’वर काय काय अवलंबून असतं, हे तुझ्या गावांतला कुठलाही शेतकरी सांगेल. तेव्हा पहिल्या प्रकरणातच लिही की तुझा ‘ड्राउट’ यांतला कुठला. नंतर शेवटच्या पानापर्यंत तोच शब्द ठेव. तो शंभरदा आला तरी बिघडत नाही.

आता सिमिलॅरिटीची भीती. ती समजून घे, कारण तुझ्या बरोबरीची कितीतरी मुलं त्याच भीतीपोटी स्वतःचं लेखन बिघडवत आहेत. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, वाङ्मयचौर्याबद्दलची २०१८ची नियमावली मुळातून वाच. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तपासणीतून अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश असे भाग वगळायचे असतात, आणि त्याच यादीत सर्वसाधारण संज्ञा, नियम, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणंही आहेत. सर्वपरिचित माहिती किंवा योगायोगाने जुळलेले शब्द सलग १४पर्यंत असले तरी ते धरायचे नाहीत, असंही तिथे म्हटलं आहे. म्हणजे भूजल पुनर्भरणाला ‘ग्राउंडवॉटर रिचार्ज’ लिहिलंस म्हणून तुला कुणी चोर ठरवणार नाही. तू त्याचं ‘सबटरेनियन वॉटर रिप्लेनिशिंग’ केलंस, आणि भूजलाचा परीक्षक तिथेच वाचायचा थांबेल.

२०२१मध्ये संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध झालेल्या पेपरांत अशा मोडक्या संज्ञा शोधून काढल्या. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’, ‘बिग डेटा’च्या जागी ‘कोलॉसल इन्फर्मेशन’, ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बूझम पेरिल’. त्यांनी याला ‘टॉर्चर्ड फ्रेझेस’ असं नाव दिलं. शब्द बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून मजकूर फिरवला की असं होतं, आणि आज अशा संज्ञा दिसल्या की पेपरच संशयाच्या यादीत जातो. साम्य खरोखर कमी करायचं असेल तर समोरचा पेपर मिटवून ठेव आणि त्यातून तुला काय कळलं ते तुझ्या वाक्यांत लिही. संज्ञा जशीच्या तशी राहील, वाक्य तुझं होईल.

‘अकॅडमिक’ भाषेसाठी तू शब्दांची एक यादी पाठ करते आहेस, असं म्हणालीस. ती बहुधा भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांच्या २००० सालच्या यादीवर बेतलेली असणार. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांतला सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासून त्यांनी ५७० शब्दकुळं, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं यांचे गट, निवडली. अभ्यासपर लेखनात दर शंभर शब्दांत साधारण दहा शब्द या कुळांतले सापडतात. काम मोठं आहे, इंग्रजीतून पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलांना त्याचा आधार होतो. पण २००७मध्ये केन हायलंड आणि पॉली त्से या भाषा-अभ्यासकांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि सामाजिक शास्त्रांतल्या लेखनात हेच शब्द शोधले, तेव्हा दिसलं की शाखेगणिक ते कमीजास्त येतात, वेगळ्या अर्थाने येतात आणि वेगळ्या शब्दांच्या सोबतीने येतात. एकाच्या लेखनात ‘व्हॉल्यूम’ म्हणजे ग्रंथाचा खंड, दुसऱ्याच्या लेखनात घनफळ.

तुझ्या विषयात हा प्रश्न रोजचा आहे, कारण तू वनस्पतिशास्त्रातून समाजशास्त्रात आलीस आणि अभ्यासते आहेस पाणी. ‘यील्ड’ घे. शेतीत ते हेक्टरी उत्पादन. भूजलात ‘स्पेसिफिक यील्ड’ म्हणजे भिजलेल्या खडकातून किंवा मातीतून नुसत्या गुरुत्वाने किती पाणी निथळून येतं, त्याचं प्रमाण. तुझ्या तिसऱ्या तक्त्यात दोन्ही ‘यील्ड’ शेजारी शेजारी आहेत आणि शीर्षकात नुसतं ‘यील्ड’. ‘रेझिलियन्स’चंही तसंच. धातूचा अभियंता लवचीकतेच्या मर्यादेत पदार्थ किती ऊर्जा सामावतो ते त्याने सांगतो; परिसंस्थेच्या अभ्यासात तो शब्द १९७३मध्ये हॉलिंग यांनी रुजवला, तिथे मोठा धक्का बसूनही व्यवस्थेची मूळ घडी टिकते का, हा प्रश्न असतो. तू लिहिलंस की गावातल्या बायका ‘रेझिलियंट’ आहेत. म्हणजे काय? पहाटे तीनला उठून दोन किलोमीटरवरून पाणी आणतात, म्हणून? मला त्या वाक्याने अस्वस्थ केलं. जे सोसावं लागतं त्याला आपण गुण म्हणून मोकळे होत नाही ना, हे तपास. शब्द ठेवायचाच असेल तर कुठल्या परंपरेतून घेतलास ते सांग.

‘सिग्निफिकंट’ मात्र फक्त संख्याशास्त्रीय चाचणीच्या निकालासाठी राखून ठेव. ‘महत्त्वाचा’ एवढंच म्हणायचं असेल तर ‘इम्पॉर्टंट’ लिही. यावर अधिक बोलायची गरज नाही.

नामांपेक्षा क्रियापदं अवघड, आणि तिथेच शाखेची ओळख पटते. हायलंड यांनीच त्याआधी, १९९९मध्ये, आठ शाखांतले ८० पेपर घेऊन दुसऱ्याच्या कामाचा उल्लेख करताना लेखक कोणती क्रियापदं वापरतात ते पाहिलं होतं. जीवशास्त्रात ‘डिस्क्राइब’, ‘फाइंड’, ‘रिपोर्ट’, ‘शो’. समाजशास्त्रात ‘आर्ग्यू’, ‘सजेस्ट’, ‘नोट’. तत्त्वज्ञानात ‘से’, ‘आर्ग्यू’, ‘क्लेम’. यामागे कारण आहे. प्रयोगशाळेत जे मोजलं ते कुणीही मोजलं तरी तेच यावं अशी अपेक्षा असते, म्हणून लेखक नोंदवतो. समाजाबद्दलचं म्हणणं कुणाचं तरी असतं आणि त्याला उत्तर देणारं दुसरं कुणीतरी असतं, म्हणून लेखक मांडणी करतो, प्रतिपादन करतो, दावा करतो.

तुझा हात अजून वनस्पतिशास्त्राचा आहे. अमर्त्य सेन यांनी १९८१मध्ये दुष्काळी उपासमारीबद्दल जे मांडलं, म्हणजे धान्य असूनही ते मिळवण्याचा हक्क लोकांच्या हातून गेला की भूकबळी पडतात, त्यापुढे तू ‘सेन रिपोर्टेड’ लिहिलं आहेस. सेन यांनी ते नोंदवलं नाही, युक्तिवाद करून मांडलं. त्यावर वाद झाले, अजून होतात. ‘आर्ग्यूज’ लिहिलंस की वाचकाला लगेच कळतं की इथे एक बाजू आहे आणि तू पुढे तिच्याबद्दल काही म्हणणार आहेस. याच्या उलट, भूजल पातळीच्या आकड्यांपुढे ‘आर्ग्यूज’ लिहू नकोस. तो आकडा विहिरीत मोजलेला आहे. आणि ‘प्रूव्ह’ गणितवाल्यांसाठी सोडून दे.

हे शिकायला यादी लागत नाही, चांगल्या पेपरांचा ढीग लागतो. तुझ्या उपविषयातले, तू ज्या जर्नलमध्ये छापून यावं म्हणतेस तिथलेच, पंचवीस-तीस लेख निवड. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले प्रबंध संदर्भासाठी जरूर वाच, पण भाषेचा नमुना म्हणून डोळे मिटून घेऊ नकोस. एकाची चुकीची शब्दयोजना दुसऱ्यात उतरत जाते. जपानमधल्या वासेदा विद्यापीठातले लॉरेन्स अँथनी यांनी ‘अँटकाँक’ नावाचं सॉफ्टवेअर बनवलं आहे, फुकट मिळतं. लेखांचा साधा मजकूर त्यात घाल आणि एकेक शब्द शोध. तो शब्द मध्यभागी ठेवून आजूबाजूच्या वाक्यांच्या ओळी एकाखाली एक येतात. ‘व्हल्नरेबिलिटी’ शोधून बघ: ‘टू’ येतं की ‘ऑफ’, आधी कुठली विशेषणं येतात, क्रियापद कोणतं. एका दुपारीत जे हाताला लागेल ते माझ्या पत्रातून लागणार नाही.

त्या लेखांत एक गोष्ट दिसेल, तिचं अनुकरण मात्र टाळ. वैद्यकीय लेखांच्या गोषवाऱ्यांत ‘नॉव्हेल’, ‘रोबस्ट’, ‘अनप्रेसिडेंटेड’ असे कौतुकाचे शब्द १९७४ ते १९८० या काळात सुमारे २ टक्के गोषवाऱ्यांत होते. २०१४मध्ये ते १७.५ टक्क्यांवर गेले, अशी मोजणी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी केली आहे. चॅटजीपीटी आल्यानंतर ‘डेल्व्ह’ आणि ‘अंडरस्कोर’ एकाएकी वाढले. तुझ्या गोषवाऱ्यात यांतले तीन आहेत. काढून टाक, तुझ्या कामाला त्यांची गरज नाही. संज्ञाही गोषवाऱ्यात बेतानेच घाल. गुहांवरच्या २१,०००हून अधिक शोधलेखांची तपासणी २०२१मध्ये प्रसिद्ध झाली. शीर्षक आणि गोषवाऱ्यात संज्ञांची दाटी जितकी जास्त, तितका त्या लेखाचा उल्लेख इतरांनी कमी केलेला दिसला. मला हे पटतं. गुहांचा अभ्यास भूगर्भवाले, जीवशास्त्रवाले, पुरातत्त्ववाले सगळेच करतात. एकाची संज्ञा दुसऱ्याला अडवते. पाण्याचंही तसंच आहे, म्हणून गोषवारा असा लिही की तुझ्या जुन्या विभागातल्या मैत्रिणीलाही तो कळेल.

शेवटी मुलाखतींबद्दल, आणि यात मी आग्रही आहे. तुझ्या वहीत बायकांचे शब्द आहेत: ‘बोअर फेल गेली’, ‘विहीर आटली’, ‘टँकर लागला’, ‘पाण्याला जायचं’. प्रबंधात त्या सगळ्यांचं ‘वॉटर स्ट्रेस’ झालं आहे. विहीर आटणं ही हळूहळू होणारी, सगळ्या गावाला दिसणारी गोष्ट आहे. बोअर फेल जाण्यात घेतलेलं कर्ज आहे आणि ते एका घराचं नुकसान आहे. टँकर लागण्यात तहसील कार्यालय आहे, अर्ज आहे, सरपंच आहे. या तीन वाक्यांतून तुझं चौथं प्रकरण उभं राहू शकतं. ते शब्द देवनागरीत जसेच्या तसे ठेव, पहिल्यांदा येतील तिथे दोन ओळींत अर्थ सांग, आणि विश्लेषणाची विभागणीही त्यांच्यावरूनच कर. परीक्षकांनी विचारलं तर सांग की या लोकांनी आपल्या परिस्थितीचं जे वर्गीकरण केलं आहे, तेच माझं साधन आहे. समाजशास्त्रात आणि मानववंशशास्त्रात ही रीत मान्य आहे.

पुढचं प्रकरण पाठवशील तेव्हा सोबत एका पानावर तुझ्या दहा-बारा मुख्य संज्ञा लिहून दे, प्रत्येकीपुढे ती कुठल्या शाखेतून घेतलीस आणि कशी मोजलीस तेवढंच. ते पान मी आधी वाचेन, प्रकरण नंतर.

तुझी,
बाई